संपाची अर्धी गोष्ट

दादा,

तुमच्या संपाची गोष्ट मी परवा मोडली. इतकी वर्षं तुम्ही सांगायचात तशीच मी ती सांगत आले. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा सासरी माझ्या वडिलांची म्हणून सांगितली, गारखेड्यात फ्लॅट घेतला तेव्हा शेजारणींना सांगितली, पोटच्या लेकराला मांडीवर घेऊन सांगितली. आणि परवा एकादशीला, भर दुपारी, भगरीखालचा गॅस बारीक करून ती मी माझ्याच तोंडानं मोडली. तुमचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. मी त्याच्याकडं पाठ करून बसले नव्हते, एवढं तरी तुम्हाला कळावं.

गोष्ट तुमचीच, तरी आपण सांगायचो तशी एकदा लिहिते. पाचोडची जिनिंग. ऐन हंगाम, कापसाच्या गाड्या पार रस्त्यापर्यंत लागलेल्या. तुम्ही तिथं फिटर. मालक बोनस देईना, रजा देईना. एका सकाळी तुम्ही मशीनचा पट्टा बंद केलात, हात पुसत फाटकाबाहेर येऊन बसलात आणि तुमच्या मागं सगळी जिनिंग उठून आली. गाडीवाले ओरडायला लागले, व्यापारी मालकाला शिव्या द्यायला लागले, आणि शेवटी मालक स्वतः चालत फाटकापर्यंत आला. इथं तुम्ही थांबायचात. तंबाखू मळायचात. मग म्हणायचात, "चालत आला बरं का. जीप असून!" की सगळं घर हसायचं. पुढं तुम्ही समजावायचात, की मागितलं सगळं, मिळालं थोडं, पण जेवढं पदरात पडतंय तेवढं आधी घ्यायचं, राहिलेलं मग भांडायचं. त्या बोनसमधून तुम्ही पाचोडच्या बाजारातून मला चांदीचे पैंजण आणलेत. मी नववीला होते. आई म्हणाली, "एवढी घोडी झाली, आता पैंजण कशाला?" तुम्ही म्हणालात, "संपाचे हायेत. वाजू दे." माझी गोष्ट नेहमी इथंच संपायची.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू चार वर्षांचा होता. तो नातू नव्हता दादा, ती नात होती. आम्हाला ते कळायला फार वेळ लागला, तिला अजिबात लागला नाही. शाळेतून आली की माझ्या डब्यातले पैंजण काढायची, पायात घालून वरून मोजे ओढायची, आणि चालताना घरभर बारीक आवाज व्हायचा. मी विचारलं की म्हणायची, "मांजर असेल." कॉलेजात गेल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. मी कणीक मळत होते. हात पिठात तसेच ठेवून ऐकलं, आणि शेवटी एवढंच विचारलं की जेवणार आहेस ना. मग इथल्या सातारा गावातल्या खंडोबाला गेले आणि नवस बोलले, माझं पोरगं सुधरू दे, तुझे रविवार अनवाणी करते. दोन रविवार झाले. मग एक दिवस ती ओठ फुटलेला घेऊन घरी आली. बसस्टँडवर पोरांनी धरून मारलं होतं, केस ओढून. पुढच्या रविवारी मी देवळात गेले ते नवस बदलूनच आले. म्हटलं, देवा, आधीचं राहू दे. हिला कुणी मारू नये, एवढंच बघ. देवापाशी एकदा बोललेलं असं बदलता येतं का, मला माहीत नाही. पुजाऱ्याला विचारायची हिंमत झाली नाही. ह्यांनी तर वर्षभर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. मग एके दिवशी भाजी आणायला गेले ते तिच्यासाठी केसांच्या पिना घेऊन आले. त्याही लहान पोरींच्या, फुलपाखरांच्या. तिनं त्या मुकाट्यानं लावल्या आणि दोघं टीव्हीसमोर बसले. आमच्या घरात तिचं बारसं असं झालं.

पडेगावचा पोरगा घरात आला तो तिच्याबरोबरच. तिशीतला, एका वकिलाच्या हाताखाली काम करणारा, दिसायला राजबिंडा. त्याचं प्रकरण वेगळं. तो पुरुषच, पण त्याचा जीव पुरुषावरच जडायचा. घरी सांगितलं तर बापानं त्याच्या कपड्यांची पिशवी भरून दाराबाहेर ठेवली. आमच्याकडं पहिल्यांदा जेवला आणि उठून स्वतःचं ताट घासायला लागला. मी म्हटलं, "अरे, राहू दे." तर म्हणतो, "मावशी, परत बोलवावंसं वाटलं पाहिजे ना तुम्हाला!" त्या दिवाळीला पहाटे मी त्याला पाटावर बसवून उटणं लावलं, ओवाळलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर म्हणाला, "उटणं गेलं डोळ्यात." मला मुलगा नव्हता, असं मी म्हणणार नाही, मला जे हवं ते देवानं दिलंय. पण तो मुलासारखाच झाला होता. रविवारी तो आला नाही तर हे विचारायचे, "आज आपला वकील कुठंय?"

मग त्या कायद्याचं निघालं. कायदा म्हणजे अजून मसुदाच, पण आपल्या भागातले एक आमदार तो सभागृहात मांडायला तयार झाले होते. मला पोरांनी समजावून सांगितलं ते असं. घर भाड्यानं देताना, नोकरीवर ठेवताना, दवाखान्यात, शाळेत, एखाद्याला तो कुणावर प्रेम करतो म्हणून हाकलता येणार नाही, आणि एखादी स्वतःला बाई मानते की पुरुष, यावरूनही हाकलता येणार नाही. हाकललं तर तक्रार कुठं करायची आणि हाकलणाऱ्याला दंड काय, तेही त्यात होतं. पहिल्याला त्यांनी लैंगिक कल म्हटलं होतं, दुसऱ्याला लिंगओळख. पहिला शब्द पडेगावच्यासारख्यांचा, दुसरा माझ्या लेकीसारख्यांचा. बैठकीला हॉल कुणी देईना, विषय ऐकला की त्या दिवशी नेमकं लग्न निघायचं. म्हणून बैठका आमच्या घरात. दाराबाहेर चपलांचा ढीग बघून खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, "भिशी सुरू केली का हो?" मी म्हणायचे, "व्हय, पोरांची." मी आत पोहे परतायचे आणि बाहेर ते मसुदा मोठ्यानं वाचायचे, खोडायचे, परत वाचायचे. सगळं मला कळत नव्हतं. पण ते दोन शब्द जोडीनंच यायचे, आरतीत विठ्ठलामागं रखुमाई येते तसे, आणि माझ्या कानाला त्यांची सवय लागली होती.

पेपरवाल्यांना बोलवायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला की पुढं बसणार कोण. एक बँकेत, एक क्लास घेणारा, एकाचं लग्न जुळवायचं चाललेलं. सगळी चांगली पोरं, पण सगळ्यांच्या माना खाली. पडेगावचा म्हणाला, "माझ्या सीनियरनं बघितलं तर दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावर." शेवटी माझी लेक म्हणाली, "मी बसते. माझं लपवायला उरलंय काय?" फोटो छापून आला. तेव्हा ती एका दातांच्या दवाखान्यात बिलं करायला होती. हिशेबाला पक्की, ते वळण माझं. रुपया इकडचा तिकडं नाही. आठवड्याच्या आत तिला बोलावून सांगितलं, तुझ्या कामाबद्दल काही नाही गं, पण पेशंट विचारतात. पडेगावच्यानं त्या संध्याकाळी घरी येऊन तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "हा कायदा झाला ना, की पहिली केस तुझी. मी उभा राहणार." मी ते स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं, आणि आत जाऊन देवाजवळ साखर ठेवली.

मसुदा आमदारांच्या हाती द्यायचा कार्यक्रम झाला तेव्हा मला बोलावणं आलं. आईचा सत्कार करायचा म्हणे. मी ठेवणीतली सुती साडी नेसले. स्टेजवर बसवलं, शाल घातली, हातात नारळ दिला. तुम्हालाही युनियननं अशीच शाल घातली होती आणि तुम्ही ती थंडीत पांघरायचात, ते मला तिथं बसल्या बसल्या आठवलं आणि बरं वाटलं. लेक मागं, पाण्याच्या जारजवळ उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला ग्लास भरून देत. मग एकानं माइकवर मसुदा वाचायला घेतला. लैंगिक कल आलं. मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. तो आला नाही. पुढच्या कलमात परत पहिलाच, एकटा. मला वाटलं वाचणारा चुकतोय, घाईत आहे. मी पडेगावच्याकडं बघितलं. तो स्टेजच्या कडेला उभा होता आणि माइकची वायर सरळ करत होता. वायर सरळच होती, दादा. मागं बघितलं तर जारजवळ कुणी नव्हतं, नळ तसाच ठिबकत होता. टाळ्या पडल्या. मी नारळ घट्ट धरून बसले, कारण हात रिकामे असते तर ते जोडले गेले असते की उचलले गेले असते, मला सांगता येत नाही.

घरी येऊन नारळ देवापुढं ठेवला. ठेवला आणि परत उचलला. असला नारळ देवाला कसा वाहायचा? पण श्रीफळ टाकूनही देता येत नाही, आणि मला तर कोथिंबिरीची काडी टाकवत नाही. दुसऱ्या दिवशी फोडला, चटणी केली. नारळ गोड निघाला. नासका निघाला असता तर बरं वाटलं असतं.

तो पंधरवडाभर आला नाही. मग एकादशीला दुपारी बेल वाजली आणि दारातच त्यानं विचारलं, "मावशी, भगर आहे ना?" जणू काही झालंच नाही. मी त्याला आत घेतलं. दारी आलेल्याला उपाशी परत पाठवणं मला जमत नाही, ते तुमच्या घरचंच वळण. तो फ्रिजजवळच्या त्याच्या नेहमीच्या जागी बसला. मी भगर आणि दाण्याची आमटी वाढली. लेक खोलीतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्यानं दोन घास खाल्ले आणि बॅगेतून एक कागद काढला.

"एक सही हवी होती तुझी."

"कसली?"

"साधं पत्र आहे. या विधेयकाला आमचा पाठिंबा आहे, आमच्या समाजाचं म्हणणं आम्ही स्वतंत्र मांडू, असं. लोक विचारायला लागलेत ना आमदारसाहेबांना, की हे लोक यात का नाहीत. तुला सगळ्यांनी पेपरात बघितलंय. तुझी सही असली की तोंडं बंद होतील."

लेक हसली. "म्हणजे माझं नाव कायद्यात नको, पण खाली सहीला पाहिजे."

"मार, टोमणे मार. चालतंय. पण ऐक तरी. साहेबांच्या माणसानं मला तोंडावर सांगितलं, तृतीयपंथी म्हटलं की सभागृहात हसतात. एकदा हसले की बिल गेलं. आधी आमचं होऊ दे. दार उघडलं की पुढच्या अधिवेशनात तुमचं घेऊ. शब्द देतो तुला."

"आमचं-तुमचं कधीपासून झालं रे?"

"अगं, तुमच्यासाठी वेगळा कायदा हायेच ना आधीपासून! आमच्यासाठी काय आहे? एक ओळ नाही."

"हाये ना. त्यात ओळखीचं कार्ड मिळतं. कार्ड दाखवून दवाखान्यानं ठेवलं का मला? हाकलू नका असं लिहिलंय त्यात, पण हाकललं तर त्याचं काय करायचं, ते कुठंय? तेच तर आपण यात लिहिलं होतं. या घरात बसून लिहिलं होतं. आईनं पोहे केले होते त्या दिवशी."

तो चमचा ताटात ठेवून हळू म्हणाला, "मला उद्या ऑफिसातून काढलं तर मी कुठं जाऊ, सांग. तुझ्यामागं मावशी आहे, काका आहेत. माझ्यामागं कोण आहे?" आणि हे खरं होतं दादा, म्हणून तर जड गेलं. त्याचे डोळे भरले होते आणि या वेळी उटणं नव्हतं. "सगळंच बुडण्यापेक्षा अर्धं तरी काठाला लागू दे," तो म्हणाला.

माझी लेक लई मऊ आहे. मार खाऊन माणूस एकतर दगड होतो नाहीतर असा मऊ. ती खुर्चीवर बसली, कागद वाचला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, पेन दे."

मी जागची हलले नाही.

"दे ना. आजोबांनी काय केलं मग? तूच सांगतेस ना, जेवढं पदरात पडतंय तेवढं आधी घ्यायचं, राहिलेलं मग भांडायचं. आजोबांना बोनस मिळाला, तुला पैंजण मिळाले. याला मिळू दे काहीतरी. कुणाला तरी मिळू दे, आई."

तो लगेच म्हणाला, "बघा मावशी! आजोबांना कळत होतं."

तेव्हा मी गॅस बारीक केला. म्हटलं, "तुझ्या आजोबांच्या संपात बाया होत्या."

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मी तिला ते कसं सांगितलं, ते तुमच्या कानावर पडलं पाहिजे. मी सांगितलं की जिनिंगमध्ये कायमवाले मोजके, फिटर आणि प्रेसवाले. बाकी सगळ्या हंगामी बाया, दिवाळी झाली की यायच्या आणि उन्हाळ्यात जायच्या. कापसातला पालापाचोळा आणि कवडी, म्हणजे खराब बोंड, हातानं वेचायच्या. संध्याकाळी बाहेर पडायच्या तेव्हा डोक्यावर, पापण्यांवर रुई असायची आणि सगळ्या एकदमच म्हाताऱ्या दिसायच्या. तुम्ही फाटकापाशी बसलात तेव्हा तुमच्या मागं जी जिनिंग उठून आली, ती या बायांची होती. त्यांच्यातली एक, बौद्धवाड्यातली, फाटकाच्या गजाला साडीची झोळी बांधून तान्हं पोर त्यात झोपवायची. मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा ती मला तिच्या भाकरीवरचा ठेचा द्यायची आणि मी खोकले की म्हणायची, "दादाची लेक आन् तिखट खाईना व्हय?" मागण्यांच्या कागदावर त्यांची मजुरीही होती, दरवर्षी त्यांनाच कामावर घ्यायचं हेही होतं. तडजोड झाली तेव्हा तेवढं गळालं होतं. मालकानं तुम्हाला सांगितलं, हंगामींचं पुढच्या हंगामात बघू, फक्त त्यांची तक्रार नाही असं लिहून आणा. आणि ते आणायला तुम्ही स्वतः गेलात, कारण दुसऱ्या कुणाला त्यांनी दिलं नसतं. मला बरोबर नेलंत. माझं अक्षर चांगलं म्हणून नावं मी लिहिली, अंगठे त्यांनी दिले. झोळीवालीची पाळी आली तेव्हा तिनं अंगठा शाईवर ठेवला आणि उचलला नाही. म्हणाली, "दादा, मला वाचता येत नाय. तुम्ही म्हणता म्हून देते. पुढल्या साली आमचं घालशाल ना?" तुम्ही म्हणालात, "व्हय. शब्द हाय माझा."

पुढच्या हंगामाला मालकानं दुसऱ्या तालुक्यातून ट्रकभर बाया आणल्या. जुन्या बाया फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. मी शाळेतून येताना बघितलं, झोळीवाली होती, पोर आता कडेवर होतं. तुम्ही बाजूच्या लहान दारानं आत गेलात. रात्री जेवताना मी विचारलं, दादा, त्या बायांचं काय? तुम्ही घास हातात धरून माझ्याकडं बघितलंत. "शाळा शिकली म्हून शानी झाली का? समद्यांनी मिळून उपाशी मरण्यापरीस निम्म्यांनी खाल्लेलं बरं." आईनं मला डोळ्यांनी दटावलं. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. उलट तुमच्याबरोबर हसायला शिकले, चालत आला बरं का, जीप असून. मालक चालत आला तो तुमच्यासाठी नव्हता आला दादा. कवडी वेचायला हात उरले नव्हते म्हणून आला. हेही मी तिला सांगितलं.

पडेगावचा म्हणाला, "मावशी, मी तसला नाही."

मी म्हटलं, "माझे वडीलही तसले नव्हते. म्हणून तर अंगठे मिळाले."

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. एखाद्याच्या तोंडावर दार लागलं की तो दाराकडं बघतो, तसा. लेकीनं कागदाची घडी घातली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "त्या बाईचं पुढं काय झालं?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, ऊसतोडीला गेली म्हणतात. पाचोडला परत कधी दिसली नाही. तो उठला, बॅग उचलली, मला वाकून नमस्कार करायला आला आणि मध्येच थांबला. मी पाय मागं घेतले नाहीत, पुढंही केले नाहीत. तो गेल्यावर जिना उतरल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. लेक दाराशी कान देऊन उभी होती. शेवटी पावलं वाजली तेव्हा ती म्हणाली, "गेला," आणि तिथंच खाली बसून रडली. मी तिच्याजवळ बसले. भगर खाली लागली, ती मी नंतर खरवडून खाल्ली.

काल कळलं, त्याला सही मिळाली. माझ्या लेकीसारखीच एक पोरगी आहे, पलीकडच्या वस्तीत राहते, त्याला दादा म्हणते. तिनं दिली.

विधेयक पुढं जाईल की नाही, मला सांगता येत नाही. माझी लेक सध्या किराणा दुकानवाल्याच्या वह्या घरी आणून लिहिते. दुकानात बसू नको, घरीच कर, असं त्यानं चांगल्या शब्दांत सांगितलंय. रविवारी चौथं ताट कशाला काढलं, म्हणून ह्यांनी मला विचारलं नाही, मुकाट्यानं परत मांडणीवर ठेवलं. आणि मी तुमच्यावर रागावले आहे, दादा. त्याच्यापेक्षा जास्त. तो परका, कधीतरी सुटेलही मनातून. तुम्ही मला गोष्ट दिलीत ती मधून कापून दिलीत, आणि मी ती पुरी म्हणून लेकीला दिली. ती तेच घेऊन सही करायला निघाली होती. तुम्हाला त्या बाया कधी आठवल्या का? तंबाखू मळताना तुम्ही जे थांबायचात, ते हसू यावं म्हणून थांबायचात, की आणखी कशासाठी? आता कुणाला विचारू? तुमच्या श्राद्धाला यंदा मी पान वाढणारच आहे. ते चुकवणार नाही. पण संपाची गोष्ट सांगणार नाही.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, आणि लेकीला वाचायलाही द्यायचे नाहीत. शेवटचं एक आहे ते मला तिच्यासमोर म्हणवत नाही, तुमच्यासमोर म्हणते. त्या दिवशी हॉलमध्ये टाळ्या पडल्या तेव्हा पहिल्या रांगेत एक बाई होती. पडेगावच्यासारख्याच एका पोराची आई, बैठकांना माझ्याकडं चहा प्यायलेली. ती रडत होती आणि दोन्ही हात उंच धरून टाळ्या वाजवत होती. माझ्या पोटी तिच्या पोरासारखं लेकरू असतं, तर मीही तशाच वाजवल्या असत्या, आणि स्टेजवरची बाई नारळ धरून गप्प का बसली आहे, इकडं माझं लक्षसुद्धा गेलं नसतं.